चिंचेवरची भूल

गोदूला बघून गेलेले वांगणीचे पाहुणे सुपारी फोडायला येणार, असा निरोप मोरिवलीहून आला, तेव्हा सुजितला जाऊन चार महिने होत आले होते. निरोप आईंना होता, म्हणजे माझ्या सासूबाईंना. गोदू त्यांच्या धाकट्या भावाची, हिरामणमामांची मुलगी. मला बोलावणं नव्हतं, आणि नसणारच. नवरा जाऊन वर्षही न झालेली बाई सुपारीच्या घरात कोणाला हवी असते? पण आई म्हणाल्या, "तू चल. मना तो दवाखान्यातला शब्द बोलता येत नाय."

माझ्या मुलीला, वैष्णवीला, सासऱ्यांपाशी ठेवलं आणि आम्ही दोघी बदलापूर गावातून रिक्षा करून निघालो. आईंना मोरिवलीत जाऊन एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती पाहुणे यायच्या आत सांगायची होती.

सुजितच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बजावून सांगितलं होतं की त्याला नेणारा दोष रक्तातून येतो, म्हणून रक्ताच्या नात्यातल्या एकूण एक माणसाच्या कानावर घाला. तो असेलच असं नाही, पण असू शकतो. एरवी माणूस ठणठणीत असतो. ऑपरेशनच्या वेळी ठरावीक औषधांची भूल दिली की मात्र त्याचं शरीर आतून तापायला लागतं आणि थांबतच नाही. आधी माहीत असेल तर डॉक्टर दुसरी औषधं वापरतात, कमरेत सुई देऊन भागवतात, आणि माणूस चालत घरी येतो. फक्त आधी सांगावं लागतं. गोदू वीस वर्षांची. लग्न झालं की वर्ष-दीड वर्षात बाळंतपण, आणि हल्ली पोट फाडायची वेळ कोणावर येत नाही? म्हणून गोदूला सांगायचं होतं, आणि तिला ज्या घरी द्यायची त्या घरालाही.

सुजितच्या वेळीही तेवढंच आधी सांगायला हवं होतं.

तो मोरिवलीच्याच एका कारखान्यात भट्टीवर होता. गाडीचे दातेरी पार्ट लालभडक तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, त्याला ते लोक हीट ट्रीटमेंट म्हणतात. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या मांडीत गाठ आली. आधी वाटलं मार लागला असेल, मग तिचं नाव कळलं आणि आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलेनासं झालं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, पाय कंबरेपासून काढावा लागेल. तिथेच एक डॉक्टर सुहासिनीबाई होत्या, त्यांचं संशोधन चाललं होतं. त्या म्हणाल्या, दुसरा एक मार्ग करून बघता येईल. भूल देऊन गाठीत बारीक नळ्या घालायच्या आणि ती आतून तापवायची, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत. चांगल्या मांसाला तेवढं सोसतं, गाठीला सोसत नाही. वर किरणं द्यायची. पाय वाचण्याची शक्यता आहे, खात्री नाही.

सुजितला हे इतकं आवडलं की मला त्याचा राग यायचा. "शलाका, अगं माझंच डिपार्टमेंट आहे हे. आमच्याकडे लोखंडाला देतात, यांच्याकडे माणसाला. आमच्याकडे आठशेच्या वर लागतं, यांचं बेचाळीसमध्ये भागतं. केवढी बचत!" भट्टीवरच्या मित्रांना तो हेच सांगून हसवायचा. नातेवाइकांना मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. ऑपरेशन म्हटलं की सगळा गोतावळा रडत दारात येईल, म्हणून म्हणाला, काही नाही, मांडीला शेक देणार आहेत. हिरामणमामांनाही त्यानं शेकच सांगितला.

आता भुलीचं सांगते. मराठीत शब्दांचा एवढा काय दुष्काळ पडला होता कोण जाणे. दवाखान्यात सुई टोचून झोपवतात तीही भूल, आणि रानात माणसाला वाट चुकवून फिरवते, धरते, तीही भूलच. मी जुन्नरकडची. आमच्याकडेही चकवे आहेत, पण माझ्या सासूबाईंच्या माहेरी भूल म्हणजे घरचंच माणूस. मोरिवलीच्या शिवेवर एक चिंच होती, तिच्यावर ती राहायची. आईंचा मधला भाऊ कोंडाजी ऐन विशीत गेला, त्याला या भुलीनं नेलं. पुढे कारखाने आले, चिंच तुटली, तिथे कुठल्याशा कंपनीची भिंत उभी राहिली, पण भूल काही तिथून हलली नाही. दर अवसेला आई बदलापुराहून जाऊन त्या भिंतीपाशी दहीभाताचा उतारा ठेवायच्या. वॉचमन ओरडायचा. मग घरी मायलेकांचं वाजायचं. सुजित म्हणायचा, आई, ती भूल एव्हाना कंपनीत परमनंट झाली असेल, तिला कँटीनचं जेवण मिळतं, तू कशाला डबा नेतेस?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर खोलीत आले. मी रक्तपेढीच्या रांगेत होते. पुढचं मला आईंनी सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की आता मलाच ते पाहिल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का? भुलीत कोणी दगावलं होतं?"

आई लगेच म्हणाल्या, "व्हय तर. माजा भाव भुलीनंच गेला. जवान पोर व्हता."

डॉक्टरांनी मान वर केली. आणि सुजित लाजला. खरंच लाजला, कानापर्यंत लाल झाला, असं आई म्हणतात. मुंबईच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आपली आई भुताच्या गोष्टी सांगते, याची त्याला शरम वाटली. तो हसून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही लक्ष देऊ नका. ती गावाकडची भूल, झाडावरची. दवाखान्यातलं तसलं काही नाही आमच्यात."

डॉक्टरही हसले. तेही गावाकडचेच असावेत. आईंच्या मनातही तीच होती, चिंचेवरची.

दुसऱ्या दिवशी भूल दिल्यावर थोड्याच वेळात सुजितचा जबडा आवळला गेला. अंग लाकडासारखं ताठ झालं आणि तापायला लागलं. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, आणि त्याच्याही वर. कँटीनमधून बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या पळत नेताना मी पाहिल्या, पण त्या माझ्या नवऱ्यासाठी आहेत हे मला कुठे माहीत होतं? यावर एक औषध आहे म्हणे, पण ते आपल्या देशात विकत मिळत नाही, परदेशातून आणून ठेवावं लागतं. ज्या आकड्याला गाठ मरायची होती तो आकडा सबंध सुजितनं गाठला. मी त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हा तो गेलेला होता, आणि तरी कपाळ चुलीजवळच्या भिंतीसारखं गरम होतं. मी नर्सला म्हणाले, अहो, हा गेलेला नाही, याला ताप आहे.

पंधरा दिवसांनी डॉक्टर सुहासिनीबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. दुसरं कोणी असतं तर तोंड चुकवलं असतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, मॅलिग्नंट हायपरथर्मिया. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, मॅलिग्नंट तुम्ही गाठीला म्हणत होतात, हायपरथर्मिया तुमच्या उपचाराला म्हणत होतात, मग आजाराचंही तेच नाव कसं? त्या म्हणाल्या, नावं सारखी आहेत, पण याचा गाठीशीही संबंध नाही आणि आमच्या उष्णतेशीही नाही. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. हा भुलीच्या औषधांचा आजार. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरात खरंच कोणी ऑपरेशनच्या वेळी गेलं नव्हतं?

आई म्हणाल्या, "माजा भाव. अंतर्गळाचा आपरेशन व्हता, उल्हासनगरच्या कॅम्पात. टेबलावरच तापला नि गेला. भुलीनं धरलेला त्याला, मंग ती काय दवाखान्यात यायची ऱ्हाते?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

मोरिवलीत आम्ही पोचलो तेव्हा मामांच्या घरी सारवण-शिंपण झालेलं होतं, ओटीवर सतरंज्या घातल्या होत्या. पाहुण्यांचा फोन आला होता की सोमवार आहे, शिवमंदिरात दर्शन घेऊन येतो, जरा उशीर होईल. मामी कुठे नारळ आणायला गेली होती. मामांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला, पण आईंपुढे ते काही बोलले नाहीत. आईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हिरामण, कोंडाजीला नि माज्या सुजितला एकाच दुखन्यानं नेला. आपल्या रक्तात हाय तो. तुज्यात असंल, गोदूत असंल. वांगणीकरांना सांगून टाक. तू नाय सांगत तं मी सांगतंय."

मामांनी दार लोटून घेतलं. "बाय, हलू बोल."

"हलू कशाला बोलू? पोर मेला माजा."

"मना ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

मामा खाली बसले. साठीकडे झुकलेला नसूनही तो माणूस त्या क्षणी म्हातारा दिसला. "कोंडाजीचा. मी बाबांसंगती कॅम्पात व्हतो ना तवा, लहान व्हतो. डॉक्टर भायेर आला नि बोलला, भुलीत गेला. याच्या रक्तातच कायतरी दोष व्हता, आमचा गुन्हा नाय. बाबा रडला पन नाय. येताना गाडीत मना बोलला, घरी दोषाचा बोलायचा नाय. भुलीनं नेला, एवढाच बोलायचा. कोन विचारील कुठली, तं चिंचेवरची. विठाची, म्हंजे तुजी, सुपारी फुटलेली हाय."

मला वाटलं आता आई किंकाळी फोडतील. पण त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग मी एवढी वर्सं उतारा कोनाला देत व्हते?"

माझं डोकं फिरलं. म्हणाले, "मामा, हे सुजितच्या ऑपरेशनआधी एका शब्दानं बोलला असतात तर तो आज भट्टीवर असता. लंगडत का होईना, असता."

"मना कोनी सांगितला आपरेशन हाय म्हनून? शेक देनार, एवढाच बोललेला तो. शेकाला भूल लागतं हे मना कसा समजनार, सूनबाई?"

तेही खरंच होतं. सगळ्यांचंच सगळं खरं होतं, आणि माणूस मात्र गेला होता.

मामा आईंच्या पायाशी सरकले. "बाय, झाला तो झाला. पन आता नको. भूल झाडावर असतं, नारळ दिला की भागतं. रक्तात हाय बोललीस तं पोरीला कोन करून घेईल? एकदा मोडला की वांगणीपासून उल्हासनगरपरत समद्यांना समजंल. तुजा लगीन झाला ना त्या भुलीपायी?"

"त्या लग्नापायी पोर गेला माजा."

"लगीनच मोडला असता तं सुजित कुठनं आला असता, बाय?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुजी पन पोर हाय, सूनबाई. तिचा पन इचार कर."

वैष्णवी चार वर्षांची आहे. तिच्या लग्नाचा विचार त्या वेळी माझ्या मनात आणून दिल्याबद्दल मी हिरामणमामांना कधी माफ करणार नाही. कारण एकदा तो आला, आणि मग गेला नाही.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. मला आत जावं लागलं. सांगायला कोणी नको, माझ्यासारख्या बायकांना आपली जागा पाठ असते. स्वयंपाकघरात गोदू नवी साडी नेसून कपबशा पुसत होती. तिला हलक्या आवाजात सांगायला लागले, तर ती म्हणाली, "ऐकलं वहिनी सगळं. पत्र्याचं पार्टिशन आहे."

"मग?"

"मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "फोनवर बोललोय आम्ही. स्वभावाने एकदम मस्त आहे." मग जराशानं म्हणाली, "सुजितदादाला खूप दुखलं असेल का?"

"नाही. झोपेतच होता."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा कपबशा पुसायला लागली. पुसलेल्याच पुसत होती.

ओटीवर नमस्कार-चमत्कार झाले. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मुलाची आई ठमाबाई म्हणून, ठेंगणी, बोलकी, डोळ्यांत माया असलेली बाई होती. मला ती आवडली, त्याचाच जास्त त्रास झाला. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. तिनं आल्या आल्या आईंना जवळ बसवून घेतलं. आई तिथल्या थोरल्या, त्यांच्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती.

"तुमचा लई वाईट झाला म्हनतात हो," ठमाबाई म्हणाली. "तरना पोर गेला. कशानं गेला?"

मामा पानाच्या तबकात काहीतरी शोधत असल्यासारखे वाकले. मी पडद्याला हात घातला. बाहेर जावं आणि एकदाचं बोलून टाकावं. पण मागून गोदूनं माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. तिचा हात पाण्यात बुडवल्यासारखा गार होता.

आईंनी पदर तोंडाला लावला. मग तो काढला आणि म्हणाल्या, "भुलीनं."

मला हायसं वाटलं. खोटं नव्हतं ते. डॉक्टरबाई तिथे असत्या तर त्यांनीही मान डोलवली असती. आता आई पुढचं सांगतील, असं मला वाटलं. मनगटावरची गोदूची पकड घट्ट झाली.

"अगो बाय," ठमाबाई हळहळली. "कुठल्या भुलीनं?"

तिनं सहज विचारलं होतं. त्यांच्या वांगणीलाही असेल एखादी, ओढ्यावरची, वडावरची. आईंनी भावाकडे पाहिलं नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जिथे मी होते आणि माझ्यामागे गोदू होती.

"चिंचेवरच्या," आई म्हणाल्या. "हितं शिवेवर व्हती पयली. आमच्या घराच्या मागंच लागलेली हाय ती. उतारा द्यायचा ऱ्हाऊन गेला माज्याकडनं."

"मंग त्याला कोन काय करनार?" ठमाबाईनं आईंचा हात हातात घेतला. "माज्या चुलत्याला पन तशीच धरलेली. देत जावा हो उतारा. चुकवू नका." आणि आई मान हलवत राहिल्या. आपल्याच हातून उतारा राहिला आणि त्यापायी पोर गेलं, असं त्यांनी चार लोकांत स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. रडत होत्या त्या, पण आवाज नव्हता.

मामांनी सुपारी पुढे केली. कोणीतरी म्हणालं, मुलीला बोलवा आता, चहा आणू दे.

गोदूनं माझा हात सोडला. कप ट्रेमध्ये मांडले, चहा ओतला, पदर डोक्यावर घेतला. मग ट्रे उचलायच्या ऐवजी ती माझ्याकडे वळली.

"वहिनी, तो शब्द सांग."

"कुठला?"

"डॉक्टरांचा. इंग्लिशमधला. आपला नको, आपल्याने सगळे हसतील. किंवा नारळ आणतील." तिनं बाहेरचा कानोसा घेतला. "मला तिकडे दवाखान्यात कोणी विचारलं ना, तर डॉक्टरला एकटं गाठून सांगीन. सासूला कळायची गरज नाही. फक्त मला नीट बोलता आला पाहिजे."

मी सांगितला. ती म्हणाली, "मॅलिंगन..."

"मॅलिग्नंट."

"मॅलिग्नंट. पुढे?"

"हायपरथर्मिया."

"हायपरथरमा."

"मिया. थर्मिया."

बाहेरून मामांनी हाक मारली, "गोदू, चहा निवंल ना!" ती 'आले' म्हणाली, आणि ट्रे उचलून ओठातल्या ओठात तो शब्द घोकत पडद्याबाहेर गेली. पहिला कप तिनं ठमाबाईपुढे धरला. ओठ अजून हलत होते. ठमाबाई कौतुकानं आईंना म्हणाली, "देवाचा नाव घेतंय वाटतं पोर."